पेल्याची कड

नगरला आमच्या बोळात एक म्हातारे घरच्या घरी पितळेवर चांदी चढवत. बायको वारल्यापासून ते एकटेच होते. घरात वीज नव्हती आणि त्यांच्या कामाला ती लागतही नसे. चांदीची पांढरी पूड, मीठ आणि खडूची भुकटी ओल्या फडक्यावर घ्यायची आणि अंगठ्याने घासत बसायचं. मी काही विचारलं, तर हातातली वाटी पांढरी झाल्याशिवाय उत्तर मिळत नसे. मला त्याचा रागच यायचा. वाटीशी मात्र बोलायचे. "अजून पिवळीच का गं? रुसलीस व्हय?"

दुष्काळाच्या त्या वर्षी लग्नं कमी झाली आणि गुलाबदाण्या, अत्तरदाण्या यायच्या थांबल्या. मग ते घरातलीच भांडी पुन्हा पुन्हा घासू लागले. दाराची पितळी कडीसुद्धा चांदीची झाली.

एका दुपारी कोनाड्यातला पेला मी सहज हातात घेतला. सगळा लख्ख होता, फक्त कडेला बोटभर पितळ उघडं पडलं होतं. असा मुलामा पातळ असतो. ओठ लागतात तिथून आधी जातो.

"बाबा, एवढी कड राहिली की," म्हणत मी त्यांचं फडकं उचललं.

या वेळी उत्तर लगेच आलं. पेला माझ्या हातातून काढून घेत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. बाकीचा पेला मी घासतो. तेवढी झीज तिची हाय."