मामाने घातलेली भिंत

आमचा मामा कोळशाच्या खाणीत गवंडी होता. हवेची वाट वळवायला, कच्च्या छताला आधार द्यायला जमिनीखाली विटा रचायचा. चालणं ताठ, म्हणून सगळे त्याला ‘ओळंबा’ म्हणत. “बायको नाही ना, म्हणून पाठ अजून वाकली नाही,” असं माझे वडील चिडवायचे. ते त्याच खाणीत कोळसा तोडायचे, आणि मामा त्यांच्या शब्दाबाहेर नसायचा.

मी शाळेत असताना खाणीत आग लागली. वडील आणि त्यांचे दोन सोबती धुरापलीकडे अडकले. सुटकेला आलेली माणसं पुन्हा पुन्हा आत गेली आणि खोकत परत आली. शेवटी साहेबांनी सांगितलं, तिथल्या हवेत आता कुणी जिवंत असणं शक्य नाही; वाट बुजवून आग कोंडली नाही, तर सगळी खाण जाईल. बाकीच्या गवंड्यांनी हात वर केले. मामाने थापी उचलली.

आईला ते कळलं आणि तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. घरं शेजारीशेजारी, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. माझ्या लग्नात तो मागे बसला आणि न जेवता निघून गेला.

पुढे कोळसा परवडेना, खाण बंद झाली. पंप थांबले, भिंतीमागेच राहिलेल्या वडिलांपर्यंत आता पाणी चढणार होतं. तेव्हा मी माहेरी आले होते. आई उठली आणि थेट मामाच्या दारात गेली. मी तिच्या मागे.

“आतून आवाज आला होता का रे?” तिने विचारलं.

“नाही, ताई. पहिली वीट ठेवायच्या आधी दाजींना हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. मग प्रत्येक थराला थांबून कान दिला. साहेब ओरडत होते, तरी.”

“मग तूच का?”

“बाहेरून माणूस आणणार होते. दाजींच्या वाटेवर परक्याने भिंत घालायची?”

“हे आधी का नाही बोललास?”

“कुठल्या तोंडाने बोलणार होतो?”

आई उंबऱ्यातच बसली आणि रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. मामाला काय करावं सुचेना. तो आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

त्यानंतर तो संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. चिखलाचे बूट बाहेर काढ म्हणून आई खेकसायची आणि तो मुकाट्याने मागे फिरायचा. पुढे छातीच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं, तेव्हा त्याचं सगळं आईनेच केलं.