आमच्या ओढ्याला आलेली भरती

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती. पण तिची लाज वाटायला पोरीचं लग्न कोकणात व्हावं लागलं.

आमची श्रुती पुण्यात नोकरीला. तिथंच तिनं केदार नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, माणसं चांगली, आणि घराचं मागचं दार उघडलं की समोर खाडी! आमचे व्याही नानासाहेब त्याच खाडीत लहानाचे मोठे झाले. आपल्याला भूक लागलेली कळते, तशी त्यांना ओहोटी लागलेली कळते. लग्नानंतर त्यांनी मला आणि मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, होडीतून फिरायला नेलं. वाटेत एक बुटका पूल आला. होडीचं छत पुलाला आपटणार असं दिसताच मी डोकं गुडघ्यात घातलं. नानासाहेबांनी मात्र शांतपणे होडी थांबवली आणि सुपारी कातरायला घेतली.

"पाणी उतरू दे जरा," ते म्हणाले. "घाई कसली?"

गप्पा रंगल्या, पाणी उतरलं आणि आम्ही पुलाखालून अलगद पलीकडं गेलो. तिथवर सगळं छान होतं. पण पलीकडं गेल्यावर नानासाहेब माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्याकडे हे काही नसेल ना, अण्णा? तुमच्याकडे भरती येत असेल ती टँकरला!"

सगळे हसले. श्रुती हसली. मंगलनं तर विहीणबाईंना टाळी दिली!

माझं सिरसाळ्याला किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकानं मालाला नावं ठेवली तर मी हसून घेतो. पण जिल्ह्याला कुणी नाव ठेवलं की माझ्या अंगात येतं.

"नानासाहेब," मी म्हणालो, "आमच्याकडं गोदावरी हाय. तिच्यावर बंधारा हाय. बंधाऱ्याची दारं टाकली की भरती, उचलली की ओहोटी! आन् पूल म्हणाल तर तुमच्याहून बुटका हाय. दिवाळीला या, दाखवतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त मी स्वतः त्यातलं काही बघितलेलं नव्हतं.

बघितलं होतं ते सुभाषनं. हा माझा मेहुणा, मंगलचा धाकटा भाऊ. तलवाड्याच्या पुढं नदीकाठी त्याची शेती. बंधाऱ्याचं पाणी फुगलं की ते त्याच्या शेताजवळच्या ओढ्यात शिरतं. ओढा जुन्या पुलाखालून जातो आणि गोदावरीला मिळतो. नदीतल्या पाणी उपसायच्या मोटारींपर्यंत जाता यावं म्हणून सुभाषनं एक लोखंडी होडीही करून घेतली होती. मी लगेच फोन लावला.

"सुभाष, होडीला छत हाय का?"

"छत कावून पायजे दाजी? व्हडी हाय ती, घर न्हाई."

"पाव्हणे कोकणातले हायत. आपलं ऊन सोसायचं न्हाई त्यांना. लोखंडी पायपाचं छत बसव. आन् नुसतं बांधू नको, वाऱ्यानं उडंल. वेल्डिंग मार!"

(हे वाक्य मी बोललो याला साक्षीदार आहेत. दुर्दैवानं सगळे नात्यातले आहेत.)

"पन मंग पुलाखालून जाईल का?" सुभाषनं विचारलं.

"आज जाऊन माप घे. आन् बंधाऱ्याची दारं कधी उचलणार, ते इचारून ठेव. त्या दिवशी पाणी उतरंल, तवा आपण निघू. कोकणात असंच नियोजन करत्यात!"

'नियोजन' हा शब्द ऐकून सुभाष 'बरं दाजी' म्हणाला. लग्नापासून तो माझा मान ठेवत आलाय. त्याचीच ही शिक्षा.

त्यानं माप घेतलं, छत बसवलं आणि फोन केला. "दाजी, फिकीर करू नका. छताच्या वर वीतभर जागा उरतीय." ही बातमी ऐकून मला इतका आनंद झाला की त्या उरलेल्या जागेत मी गुलाबी-पिवळी झालर लावून टाकली, आणि झालरीवर फलक: 'बीड जिल्ह्यात आपले सहर्ष स्वागत'.

दिवाळीत पाव्हणे आले. ठरल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओढ्याकाठी पोचलो. लख्ख ऊन, दोन्ही बाजूला ऊस, काठोकाठ पाणी आणि त्यावर झालर हलवत उभी असलेली आमची होडी! सगळे होडीत चढलो. मंगलनं पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेतला. नानासाहेबांनी मात्र वाकून पाण्याकडं बघितलं, बोट बुडवलं आणि म्हणाले, "अण्णा, हे पाणी चढतंय."

"न्हाई न्हाई, उतरतंय. दारं उचललीत आज."

सुभाषनं माझ्या कानाला तोंड लावलं. "दाजी, दारं उचलायची उद्यावर ढकलली. वरच्या धरणातून मातर पाणी सुटलंय."

"मंग आधी कावून न्हाई बोलला बे?"

"तुमी फलक लावत व्हता."

आता तुम्हीच सांगा, चढलेले पाव्हणे होडीतून खाली उतरवायचे? तेही ज्यांना भरतीतलं कळतं, असे? मी म्हणालो, "चल. पाणी चढायच्या आत पुलाखालून काढू."

पुलाच्या मधल्या गाळ्यात जलपर्णी गच्च भरलेली. मोकळा होता तो फक्त काठाकडचा गाळा. आम्ही तिकडं वळलो. झालर आत शिरली. फलक शिरला. मग वरून 'खर्र' असा आवाज आला.

"थांबा," नानासाहेब म्हणाले. "मागं घ्या."

"रेट!" मी म्हणालो.

सुभाषनं कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि होडी रेटली. ती अर्धी आत गेली आणि थांबली. पाणी हळूहळू चढत होतं, होडी वर उचलत होतं आणि छत पुलाच्या स्लॅबला असं चिकटलं, जसं काही त्या पुलाचा टेकू म्हणूनच आम्ही ते करून घेतलं होतं.

नानासाहेबांनी सुपारी काढली. "ओहोटीची वाट बघू. साधारण कधी लागते इथे?"

"साधारण मार्चमध्ये," सुभाष प्रामाणिकपणे म्हणाला.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मंगलनं माझ्याकडं जे बघितलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

"अहो, छत काढून टाका की!" ती म्हणाली.

"वेल्डिंग हाय, ताई," सुभाष म्हणाला.

"वेल्डिंग कुणी करायला सांगितलं?"

पुढची काही मिनिटं मी गोदावरी खोऱ्यातल्या पक्ष्यांबद्दल माहिती दिली.

शेवटी नानासाहेबांनीच तोड काढली. "होडी वर दाबली जातेय ना? मग वजन वाढवा. होडी खाली बसेल, छत सुटेल. आम्ही खाडीत असंच करतो. माणसं बोलवा."

सुभाष आधी माझ्या बायकोकडं वळला. "ताई, तू जरा मधी सरकून बस."

"मीच का?"

"तसं न्हाई ताई. पन तू बसली की फरक पडतो."

डायटिंग सुरू करून मंगलला महिना झाला होता. भाऊबीज तोंडावर आलेली होती म्हणून सुभाष वाचला. तिच्यानं होडी बोटभर खाली गेली, हे मी अभिमानानं सांगतो. पण छत सुटेना. सुभाषनं गावात फोन लावला आणि ओरडला, "लवकर ये! आन् येताना चांगली वजनदार माणसं घेऊन ये!"

आमच्या जिल्ह्यात 'वजनदार' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे दोन गाड्या धुरळा उडवत आल्या तेव्हा ध्यानात आलं. एकीतून सरपंच उतरले, दुसरीतून माजी सरपंच. दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि दोघंही असे काटकुळे की वारा सुटला असता तर पुलाचा कठडा धरावा लागला असता!

"कोन अडचनीत हाय?" सरपंचांनी विचारलं.

"मी आधी आलोय," माजी सरपंच म्हणाले.

खरी गोष्ट कळल्यावर दोघांनीही माघार घेतली नाही. कोकणातले पाव्हणे बघत होते ना! पण कडक इस्त्री पाण्यात कशी घालायची? मग दोघांच्या कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि होडीत आणून ठेवलं. नेत्यांनी काही फरक पडला नाही. पण ते कार्यकर्ते! काय ती माणसं! एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा. ते आपापल्या साहेबांशेजारी बसले, एक गट पुढं, एक गट मागं, आणि होडी झपकन खाली गेली. छत सुटलं! वरून उजेड दिसला! मी टाळ्या वाजवल्या. नानासाहेबांनी माझा हात धरून हलवला.

"रेट सुभाष!"

सुभाषनं रेटली. होडी हलेना. त्यानं पाण्याखाली पायानं चाचपलं आणि तोंड वर केलं.

"दाजी, बूड गाळात बसलं."

म्हणजे बघा. माणसं बसली की होडी गाळात. माणसं उतरली की होडी पुलाला. अशी गोदावरी आणि सार्वजनिक बांधकाम यांच्या मधोमध अडकलेली दुसरी होडी उभ्या महाराष्ट्रात नसेल, असं मी नानासाहेबांना सांगितलं.

"ट्रॅक्टर बोलावतो," सरपंच म्हणाले.

"मीबी बोलावतो," माजी सरपंच म्हणाले.

दोन ट्रॅक्टर आले. एकाचा दोर होडीच्या पुढं बांधला, दुसऱ्याचा मागं. आता प्रश्न एकच उरला होता, होडी ओढायची कुणी? सरपंच म्हणत, पुढं. माजी सरपंच म्हणत, मागं. दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"मागं घेणं शहाणपणाचं," नानासाहेब हळूच म्हणाले. "परत जाऊ, काठावर बसून जेवू. मजा आली, अण्णा. खरंच."

त्यांचा आवाज मऊ होता. टिंगल नव्हती त्यात. पण त्या मऊपणानंच मला जास्त लागलं. पोरीच्या सासऱ्याला मी गोदावरी दाखवतो म्हणून आणलं होतं आणि दाखवला काय, तर पुलाचा खालचा भाग! मी श्रुतीकडं बघितलं. ती केदारच्या शेजारी बसली होती, चिखलाचे शिंतोडे उडालेले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अण्णा, पुढं!"

मग काय! "पुढं!" मी ओरडलो. "वाका सगळे!"

मागचा दोर सोडला. पुढचा ट्रॅक्टर गुरगुरला. होडी गाळातून घासत निघाली. गाळ्याच्या तोंडाशी पाणी एकदम खोल झालं, होडीचं नाक टुणकन वर उसळलं, आणि डोक्यावर असा आवाज झाला, की सरपंचांनी माजी सरपंचांना मिठी मारली! (गावात अजूनही दोघं ही गोष्ट नाकारतात.) छत मुळासकट उखडलं. झालर फाटली. फलकातलं 'सहर्ष' पाण्यात पडलं. आणि आम्ही, सगळेच्या सगळे, सुखरूप बाहेर!

समोर गोदावरी होती.

मीसुद्धा ती तशी पहिल्यांदाच बघत होतो. पलीकडचा काठ नुसती हिरवी रेघ. ऊन पाण्यावर पसरलेलं. पांढऱ्या पाखरांचा एक थवा उठला आणि लांब जाऊन परत पाण्यावर बसला. होडीतले सगळे तिकडंच बघत होते. नेतेसुद्धा.

"अण्णा," नानासाहेब म्हणाले, "एवढं पाणी? बीडला?"

"हाय म्हणलं होतं की," मी म्हणालो. मंगलनं डबा उघडला, आणि एक पुरणपोळी विहीणबाईंच्या आधी माझ्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा घडलं.

मागच्या पावसाळ्यात मी पुन्हा तलवाड्याला गेलो होतो. छताचा एक पाइप अजून त्या पुलाच्या स्लॅबमधल्या भोकात अडकून खाली लोंबतोय, टोकाला गुलाबी चिंधी. पुलावर एक शेतकरी वाकून बघत होता आणि फोनवर घाईघाईनं सांगत होता, "मोटारी वर काढा रे! येड्याच्या पायपाला पाणी लागलं!"

मी चौकशी केली. पाण्यानं त्या पाइपाचं टोक गाठलं की दोन्ही काठांच्या गावांत फोन जातात आणि मोटारी वर निघतात. आजवर एकही मोटार वाहून गेलेली नाही म्हणे! माझी छाती फुगली. इतकी मोठी गोदावरी, आणि तिचं पाणी मोजतात ते माझ्या पाइपानं!

"भाऊ," मी त्याला म्हणालो, "ज्यानं हा पाइप बसवला, त्या माणसाला नाव हाय. अण्णा म्हणत्यात. सिरसाळ्याचे. मोठं दुकान हाय त्यांचं."

त्यानं मला खालून वर नीट बघितलं.

"आसंल," तो म्हणाला. "पन काका, पानी चढताना येवढं लांब नाव कोन घेत बसंल? आन् सगळ्याला कळाया बी पायजे, की कोनता मानूस!"