लोलक नसलेली घंटा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वर्तमानपत्राकडे अशी पत्रं यायची, ती बाजूला ठेवणारा मीच. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

चिकलठाणा मागे टाकून जालना रोड सोडला की एक बोडकी टेकडी लागते. वर जुनं चर्च, पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. रविवार पुरवणीसाठी चर्चवर लेख हवा होता. चाव्या वस्तीतल्या सुमनबाईंकडे. त्यांचे पती शांतवन वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, नुकतेच हृदयाच्या दुखण्यातून उठलेले. त्यांना एकटं सोडून यायला बाई तयार नव्हत्या.

"जा की," ते खाटेवरून म्हणाले. "पेपरात फोटो येईल तुझा. पण साहेब, जेवायच्या आत परत पाठवा... मला भांडायला दुसरं कोण नाय इथं."

चर्च काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं; वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या आणि कौलं. गवंडी इथलेच असावेत — वेदीवरची कमान थेट दख्खनी, एखाद्या दर्ग्यात शोभावी अशी. मनोऱ्याला तडा गेल्यामुळे घंटेतला लोखंडी लोलक काढून गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. मी तो उचलून पाहिला. मनोऱ्याच्या जिन्याला कुलूप.

बाई रीत सांगत होत्या, माझ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. वस्तीत कुणी गेलं की त्या घरचं माणूस वर येऊन घंटा वाजवतं. ती ऐकली की बाकी प्रत्येक घरातून एकेक जण कबर खोदायला वर येतो. कोण गेलं, ते वर आल्यावरच कळतं.

तेवढ्यात दारात माणसं दिसली. पुढच्या दोघांच्या हातात टिकाव-फावडं.

"कोण गेलं गं?" सगळ्यांत वयस्कर दाऊदमामांनी विचारलं.

"कोण जाणार? घंटा कुठं वाजली?"

"आख्ख्या वस्तीनं ऐकली. लई सावकाश वाजत व्हती."

"मामा, लोलक हितं पडलाय."

मामांनी गोणपाटाकडे पाहिलं. बाई एकेक चेहरा न्याहाळत होत्या.

"सगळ्या घरचे आलात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं कोण नाय."

"तू हायस की वर."

"मी घंटेला नाय आले, मामा. मी चाव्या घेऊन आले."

आणि त्या धावत सुटल्या.

शांतवन खाटेवरच होते. अंग अजून गरम होतं. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. त्यात शंका घेण्यासारखं काही नाही.

रेकॉर्डिंग मी अनेकदा ऐकलं. वारा, पारवे, बाईंचा आवाज, मग पायऱ्यांवरची पावलं. घंटा नाही. आम्ही तिच्या बरोबर खाली उभे होतो. ऐकली ती फक्त पायथ्याच्या लोकांनी. लेखात मी फक्त कमानींबद्दल लिहिलं. बाकीच्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

दफनाच्या वेळी फादर म्हणाले, लोलक नाही तर हातोडीनं का होईना, घंटा वाजवू.

सुमनबाईंनी मान हलवली. "नको, फादर. त्यांची वाजली."