आई उत्तमशी काय बोलली

देवगाव फाट्यावर सेलूच्या गाडीची वाट बघत होतो. चारठाण्याहून आलेल्या गाडीतून उतरलेला गावचाच एक जण म्हणाला, "गुरुजी, उत्तमराव गेले. सकाळीच. छातीत दुखलं म्हणे." माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता ते कुणाला विचारू... एवढंच आलं. महिना झाला, अजून तेच येतं.

उत्तम माझा शाळेतला सोबती. मी गणिताचा मास्तर झालो, तो सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला लागला. मुंबईचे काही डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करत होते. रोग दिसायच्या आधी रक्तात त्याची काही खूण सापडते का, हे त्यांना बघायचं होतं. आपल्या भागातले नमुने गोळा करायचं काम उत्तमकडे आलं. रक्ताबरोबर माणसाची हकीकतही लागायची : मिश्री कधीपासून, बाळंतपणं किती, घरात कोण कशानं गेलं. भर उन्हाळ्यात बर्फ मिळवून, नळ्या थर्मासमध्ये घालून तो एस.टी.नं परभणी गाठायचा. आजाऱ्यांइतकंच धडधाकट माणसांचंही रक्त हवं, नाहीतर तुलना कशाशी करायची, हे मला लगेच पटलं. म्हणून आईला मीच तयार केलं. ती मिश्री लावायची, पण तब्येत ठणठणीत होती.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आमची गल्ली आणि त्याची वस्ती एकमेकांशी मोजून बोलत होती. तरी तो आला, ओसरीवर बसला आणि मला म्हणाला, "मास्तर, तू जरा बाहेर थांब."

"माझ्याच घरातनं?"

"तुज्याच घरातनं. लेकासमोर आया खरं बोलत न्हाईत."

आई आतून म्हणाली, "जा की रं, काय उभा राहिलास?"

मी अंगणात बसलो. आधी आईचं हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसती कुजबूज. आणि मग ती रडली. वडील गेले तेव्हासुद्धा मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत आली. "उत्तम, पुन्हा कवा येतूस?" मला ती फक्त विचारायची, जेवलास का. काय विचारलं म्हणून मी खोदलं, तर म्हणाली, "काय न्हाई रं, मिश्रीचं."

पुढे काही वर्षांनी आई वारली, म्हातारपणानंच. तेराव्याला मी उत्तमला गाठलं, ती तेव्हा काय बोलली ते विचारलं. तो म्हणाला, "ते तिनं मला न्हाई सांगितलं, मास्तर. तपासणीला सांगितलं. मी नुसता तिथं बसलो होतो."

"अरे, मी तिचा मुलगा आहे."

"म्हणूनच."

त्या एका शब्दाचा राग मी त्याच्यावर शेवटपर्यंत धरला. बरोबर वागला होता तो, हे कळत होतं. पण माझी आई त्याच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी उत्तमच्या बायकोला, शोभावहिनींना भेटायला गेलो. पार राणीसावरगावहून एक म्हातारी आली होती. "माजं समदं त्यालाच ठावं व्हतं," म्हणून रडत होती. मला वाटत होतं, त्याच्याजवळ असं मन मोकळं करणारी निदान माझी आई एकटीच असेल. तेवढंही माझ्या वाट्याला आलं नाही. म्हातारी निघून गेल्यावर मी वहिनींना विचारलं, हा असं करायचा तरी काय? त्या म्हणाल्या, "मी पण इचारायची. म्हणायचे, सुई काढली की कापूस आपणच धरायचा. रक्त थांबलं तरी हात सोडायचा न्हाई. मंग माणूस आपसूक बोलतं."

गेल्या आठवड्यात माझ्या बायकोचं रक्त तपासायला नेलं होतं. तिथल्या पोरीनं कापूस ठेवला आणि "दाबून धरा, काकू" म्हणाली. मी पुढे होऊन तो धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिचा हात मी कधी धरला नव्हता.

"थांबलं की हो रक्त," ती म्हणाली.

"असू दे."

"सोडा आता. लोक बघायलेत."

मी सोडला नाही. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत बसलो. ती माझ्याकडेच बघत होती.

"काय झालंय हो तुमाला?" तिनं हळूच विचारलं.

मला हात काही सोडवेना.