घडी बदलणारी मामा

मामाला मी फसवलं आणि मला संग्रहालयाच्या साहेबाने. आजवर सांगताना मी हा क्रम उलटा करत आलो, म्हणून आधीच लिहून टाकतो.

मामा म्हणजे युगांडाची साठीची बाई. रियाधच्या बत्हा बाजारात आफ्रिकेतल्या वयस्क बायकांना सगळे मामाच म्हणतात. माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ती झाडलोट करायची. दर शुक्रवारी पेटीतून एक विटकरी कापड काढायची, त्यावर पाणी शिंपडायची आणि जुनी घडी मोडून नव्या जागी घालायची. झाडाची साल ठोकून ठोकून तिच्या बापाने ते केलेलं. इथल्या कोरड्या हवेत ते घडीवर तडकायचं. "एकाच कुशीवर झोपलं तर माणूसही अवघडतो, सेठ," ती मोडक्या हिंदीत सांगायची.

मी चिडवायचो, "मामा, हे नेसणार कधी? लग्नात?"

"मेल्यावर. आमच्यात यातच गुंडाळतात. तू ये बघायला. तिथे भाव नको करू मात्र!"

गिऱ्हाइकावर मी खेकसलो की चहा पुढे सरकवायची. "खलास, सेठ, पुरे. आधी तू थंड हो, मग चहा होऊ दे."

साल काढली की तिचा बाप झाडाला केळीची पानं गुंडाळायचा. मी कारण विचारलं, तर माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघून म्हणाली, "झाडाला नागडं ठेवतात का?"

ऑपरेशनसाठी जाताना तिने पेटी माझ्याकडे दिली. "शुक्रवार चुकवू नको."

त्याच शुक्रवारी मी कापड उलगडलं असताना तो साहेब आला. मालाला मोठं नाव द्यायची माझी जुनी खोड. प्रेताचं कापड म्हटलं तर कोण हात लावणार? मी म्हणालो, "राजाच्या दरबारातला झगा." त्याला तो फोटोपुरता हवा होता, महिन्याभरात परत. बदल्यात तो माझे पडून राहिलेले नक्षीचे दरवाजे उचलणार होता. मामाला न विचारता मी कापड दिलं.

आठवड्याने मामा इस्पितळातच गेली. मी साहेबाला फोन केला.

"वस्तू संग्रहात गेली. आता बाहेर निघत नाही."

"अहो, ते त्या बाईचं कफन आहे!"

"झगा तुम्हीच म्हणालात."

मामा इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीत गावी गेली.

पेटी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी आहे, तरी शुक्रवारी उघडली की ओल्या सालीचा वास येतो. मी पाणी शिंपडतो. कशावर, ते विचारू नका.

परवा संग्रहालयात गेलो. काचेमागे, बिनडोक्याच्या पुतळ्यावर ते कापड. खाली पाटीवर माझंच खोटं: दरबारी झगा. खांद्यावर घडीच्या रेषेत आडवी चीर गेली होती.

साहेब, मी खोटं बोललो, हे इथे कबूल केलं. आता तुमची पाळी. झाडालाही उघडं न ठेवणाऱ्या माणसाची लेक उघडी गेली आणि तिचं पांघरूण तुमच्या पुतळ्याच्या अंगावर आहे. तिच्या गावाला मी काय कळवू? सांगा.