नखाला न लागणारा दोरा

ताईचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. दाजी एकाच कुशीवर फार वेळ राहिले तर पाठीला जखमा होतात, म्हणून त्या वेळी उठून ती त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवायची. दाजी धिप्पाड. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. ताई माझ्या खांद्याला लागते. तरी ती हे एकटीने करायची, कारण गुडघा कुठे टेकायचा आणि चादर कुठून ओढायची हे तिने दोन दिवसांत शोधून काढलं होतं. मग पाणी तापवणं, त्यांचं अंग पुसणं, दाढी, चहा, औषधं. सात वाजता ती तीन जिने उतरून कामाच्या वाटेला लागलेली असायची.

ही माझी थोरली बहीण. तिच्याबद्दल लिहायचं तर कामाबद्दलच लिहावं लागेल. तिने दुसरं फारसं काही केलं नाही. मीही नाही. आम्ही दोघं एकाच बुटांच्या कारखान्यात होतो. महागडे बूट. दुकानात एका जोडाला जे पडायचं त्यात आमचे दोन पगार बसले असते. मी लाकडी फर्म्यावर चामडं ताणून बसवायचो. पकडीने ओढायचं, खिळा मारायचा, पुन्हा ओढायचं. ताईकडे सोलची शिलाई. शिलाई मशीन करायचं, पण ती टाचेपाशी जिथे संपते तिथला शेवट हाताने करावा लागे. चार उलट टाके घ्यायचे आणि दोरा कापायचा. ताई त्यातला चौथा टाका किंचित वळवून दोऱ्याचं टोक चामड्याच्या आत सारायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा क्लच दाबताना दाजींच्या बुटाच्या टाचेचा दोरा खालच्या पत्र्याच्या कडेला अडकला होता. घरी येऊन ते हसत हसत सांगत होते. ती हसली नाही. त्यानंतर तिच्या हातून गेलेल्या एकाही बुटाचं टोक बाहेर राहिलं नाही.

पुढे कंपनीने चाराचे दोन टाके केले आणि वर गोंदाचा ठिपका. त्यामुळे प्रत्येक जोडामागे दीड मिनिट वाचत होतं. सगळ्यांनी ऐकलं. ताईचे चारच.

"बाई, दोन," मुकादम तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला.

"दोन उसवतात."

"उसवू देत. तोवर लोक नवीन घेतात."

"असं होय. मग एकही कशाला घालायचा? डब्यातून काढतानाच सोल हातात येऊ दे, म्हणजे लवकर घेतील."

खात्यात हशा पिकला. मुकादमही हसला. सहा महिन्यांनी कामगार कमी केले, त्यात तिचं नाव पहिलं होतं. मी शेजारच्याच बाकावर होतो. माझी पकड चालूच राहिली.

दाजींना झटका आला तो त्यानंतर वर्षाने. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, आणि जीभ होती तशीच तिखट राहिली. दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवरून तिसऱ्या मजल्यावर चढवलं, ते चढवलंच. इमारतीला लिफ्ट नाही. जिना एवढा अरुंद की वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि एक पाइप दिसायचा.

"जगाला फिरवलं," दाजी म्हणायचे, "आणि मला तिसऱ्या मजल्यावर पार्क करून ठेवलंय. चावी तुझ्या बहिणीकडे."

त्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. दार सरळ रस्त्यावर उघडणारं, बाहेर फुटपाथवर एक बाक. मालकीणबाई ती ताईला द्यायला तयार होत्या, पण भाडं दीडपट आणि अनामत दांडगी. ताईने तेवढंच मनात धरलं. दाजींना दाराबाहेर बसवायचं. तिला दुसरं काही नको होतं. ती पुन्हा कामाला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"आहे एक बुटांचं दुरुस्तीचं."

मी पुढे विचारलं नाही. तिला न विचारलेलं आवडतं असं मी स्वतःला सांगितलं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी कंपनीच्या दुकानातून बोलावणं आलं. बाजारात नकली माल फार झाला होता. गिऱ्हाइकांना खरा-खोटा ओळखायला शिकवणारा कुणीतरी जुना कारागीर त्यांना हवा होता. एका दुपारचं काम, पैसे बरे. मी धुतलेला सदरा घालून गेलो. काचेच्या टेबलावर दहा-बारा जोड मांडले होते, भोवती पंचवीसेक माणसं, आणि दुकानाच्या व्यवस्थापक बाई हातात वही घेऊन.

मी सांगत गेलो. आधी बूट नाकाला लावा. खऱ्याला चामड्याचा वास येतो, खोट्याला गोंदाचा. मग अंगठ्याने दाबा. खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि विरतात, प्लास्टिकला खळगा पडतो. आतला नंबर ठशाने दाबलेला असतो, बोट फिरवलं की लागतो. नुसता छापलेला असेल तर ठेवून द्या. चेन तीनदा वर-खाली करा. आणि डावा-उजवा अगदी जुळे दिसले तर संशय घ्या, कारण जनावराच्या अंगावर एकसारख्या दोन जागा नसतात. लोक माना डोलवत होते. चाळीस वर्षांत माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मला ते चढलं, हे कबूल करतो.

तेवढ्यात एका बाईने पिशवीतून आपला जोड काढला. निम्म्या किमतीत घेतलेला होता आणि तिला खात्री करून हवी होती. वास बरोबर. सुरकुत्या बरोबर. नंबर दाबलेला. व्यवस्थापक बाईंनीही बघितला आणि म्हणाल्या, "आमचाच आहे हा."

मी बूट उलटा केला आणि टाचेपाशी नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"खोटा आहे," मी म्हणालो.

"कशावरून?"

"नख फिरवा इथे. कंपनीच्या बुटाला दोन टाके असतात आणि कापलेला दोरा. गोंद लावला तरी तो नखाला लागतो. इथे चार टाके आहेत आणि टोक आत सारलेलं आहे. लागत नाही."

"म्हणजे काका," मागून एक पोरगेलासा माणूस म्हणाला, "चांगला शिवलेला तो खोटा?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसताहसताच माझ्या बोटांना ओळख पटली. तोंडाने आधी सांगून टाकलं, हाताला मागून कळलं. जगात तो टाका घालणारी एकच बाई होती आणि माझ्या लहानपणी माझी बटणं तिने लावली होती.

व्यवस्थापक बाई भराभर लिहीत होत्या.

"ते नका लिहू," मी म्हणालो. "ते लोकांना जमणार नाही."

"अहो, तेच तर सगळ्यांत सोपं आहे. वास कुणाला कळतो? नख सगळ्यांना असतं."

"पण एखाद-दुसऱ्याच जोडाला तसं असेल."

"मग तेवढे तरी सापडतील."

मला आणखी बोलता आलं असतं. माझीच चूक झाली, वय झालं, नजर गेली, असं म्हणता आलं असतं. पण पंचवीस माणसांपुढे माझा हात चुकला असं म्हणायला जीभ उचलेना. मी पाकीट घेतलं आणि घरी आलो.

पंधरा दिवसांत त्या खुणांचं कार्ड छापून आलं. प्रत्येक डब्यात एक. त्यावर पहिलीच खूण नखाची. त्या पंधरा दिवसांत मी ताईकडे गेलो नाही. नंतर तिचाच फोन आला. "शनिवारी ये," एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती दाजींची नखं कापत होती. माझ्याकडे न बघता तिने कोपराने कार्ड पुढे सरकवलं.

"वाच."

"वाचलंय."

"वाचशीलच. तुझंच आहे. टाचेला नख लावून बघणारा दुसरा कोण?" तिने दाजींचं दुसरं बोट धरलं. "मालकाने सोमवारी माझ्यापुढे आणून टाकलं. म्हणाला, बाई, माल परत येतोय, उद्यापासून दोन टाके आणि टोक बाहेर."

"मग?"

"मग काय. बसले घालायला. एक, दोन, थांबायचं. थांबतच नाही रे हात. दोनावर थांबायला बघते तर चौथा होऊन गेलेला असतो. उसवला तर भोकं राहतात. चामड्याला पडलेलं भोक बुजतं का?"

"नाही."

"चार दिवसांत सात जोड फुकट गेले. शुक्रवारी त्याने हात जोडले. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, तुम्ही मला परवडत नाही."

"ताई, ते नकली..."

"मला माहीत होतं. कंपनीचं नाव दुसऱ्या खोलीत लागायचं. मी त्या खोलीत कधी गेले नाही." तिने दाजींचा दुसरा हात मांडीवर घेतला. "तू नखाची खूण सांगितलीस ती बूट बघून, की माझा टाका ओळखून?"

"बूट बघून. टाका नंतर ओळखला."

"किती नंतर?"

"लोक हसले तेव्हा."

"मग तेव्हा का नाही गप्प बसलास? कारखान्यात तर चांगला बसला होतास."

मला उत्तर येत होतं.

दाजी म्हणाले, "अगं, जाऊ दे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी माइक दिला. माणूस घसरतो."

"माइक नव्हता," मी म्हणालो.

"मग तर काहीच मिळालं नाही तुला," दाजी म्हणाले.

दुकानातून मिळालेलं पाकीट मी काढून खाटेवर ठेवलं. ताईने ते उचललं, माझ्या सदऱ्याच्या खिशात परत घातलं आणि वरून दोनदा थापटलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अनामत जमायला चार महिन्यांचा पगार कमी पडत होता, आणि जमली असती तरी दीडपट भाडं आता येणार कुठून? साठीच्या बाईला शिलाईला कोण ठेवतो? तिने तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी हाताची तारीफ झाली. मालकीणबाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि खोली एका छपाईवाल्याला दिली. तिथे आता कागदाचे गठ्ठे असतात.

साठलेल्या पैशांचं काय करायचं हे ताईने कुणाला विचारलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी गेलो तर सामान हलवणारे दोन हमाल दाजींना पट्ट्यांनी खुर्चीला बांधत होते. कपाटं आणि फ्रिज जिन्यावरून उतरवतात ती माणसं. जिन्याची वळणं त्यांना पाठ.

"दर कपाटाचा लावलाय," त्यातला एक म्हणाला.

"दर कपाटाचा लावा," दाजी म्हणाले, "पण आडवं करू नका."

मी खुर्चीचा पाय धरायला पुढे झालो. माझ्या कमरेचे दोन मणके बसलेले आहेत, पण एक मजला मी धरला असता.

"तू नको," ताई म्हणाली.

"एक बाजू..."

"त्यांना पैसे दिलेत मी. त्यांचं काम त्यांना करू दे."

ते दोघे उत्तम कामगार होते. खालचा उलटा उतरायचा, पायाने पायरी चाचपत, आणि वरचा त्याला आकडे सांगायचा. वळणावर खुर्ची डोक्याएवढी वर जायची आणि भिंतीला एक ओरखडासुद्धा पडायचा नाही. दाजी डोळे मिटून घ्यायचे. खाली आल्यावर त्यांना बाकावर टेकवायचे, ताई एका बाजूने उशी लावायची. दोन तासांनी हमाल परत येत. उतरवण्याचे वेगळे पैसे आणि चढवण्याचे जास्त, हे बरोबरच आहे.

दोन वर्षं आणि चार महिन्यांनी दाजी रस्त्यावर बसले तेव्हा पहिला अर्धा तास येणारी-जाणारी माणसं बघत राहिले. मग समोरून बस गेली. "गियर खरवडतोय गाढव," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ताईने ते पुसलं नाही. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही नवीन होतात तेव्हा असंच खरवडायचात."

मी दर रविवारी जायचो. दाजींशी बोलायचो. ताई माझ्यासाठी चहा खाली आणायची, कप हातात द्यायची, आणि माझ्या पलीकडे बसायची. कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. मला धाकट्या म्हणायची ती, कायम, ते तिने सोडलं होतं. कशानेच हाक मारत नव्हती. गरज पडली तर कप पुढे करायची.

अकराव्या रविवारी दाजींना वर चढवून झाल्यावर तिने हमालांना पैसे दिले आणि पुढच्या आठवड्याला येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्यातला थोरला दारात घुटमळला. म्हणाला, "मावशी, दर कमी करू का?" ती म्हणाली, "तुमचं काम त्या दराचंच आहे."

पहाटे पावणेपाचला उठून, तीन जिने उतरून, ताईने जे कमावलं त्याचे दाजींना अकरा रविवार मिळाले, दर रविवारी दोन तास. त्यातल्या दोन रविवारी ऊन पडलंच नाही. दाजी तेही धरतात.