बेरजेची ती ओळ माझी होती

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नांदेडच्या आमच्या कॉलेजात एक गोष्ट अजून सांगतात. निकालाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये एका मॅडमनी घोळ केला आणि सरांनी तो निस्तरला. त्यातला सर मी. गोष्ट खोटी आहे आणि ती मीच पसरू दिली.

प्रोग्रॅम आम्हा दोघांचा. गुण वाचायचा भाग त्यांचा, बेरजेचा माझा. जुन्या संगणकावर तो कधी चुकला नाही. मग चार कोरचं, म्हणजे एकाच वेळी चार हिशेब करणारं मशीन आलं. चारही कोरनी एकाच वेळी बेरीज केली तर काम लवकर उरकेल, म्हणून मी ती वाटून दिली. काम उरकलं, पण एकूण बेरीज मधूनच कमी भरायची. पुन्हा चालवला की बरोबर. बैठकीत विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, "मॅडमच्या भागात काहीतरी राहिलंय."  पुढे त्या लातूरच्या कॉलेजात शिकवायला निघून गेल्या. चूक माझ्या ओळीत आहे हे मला त्याच आठवड्यात सापडलं. गुपचूप दुरुस्त केली आणि शाबासकी घेतली.

यंदा लातूरला जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते की. बैठकीनंतर, तुम्हालाच." त्यांनी चहा पुढे सरकवला. "माफी मला नको. चहा घ्या अन् माझ्या वर्गावर चला."

वर्गात मी बोर्डवर ४० लिहिले. एक मुलगी आणि एक मुलगा पुढे बोलावले. "तुम्ही दोघं म्हणजे दोन कोर. एकाच वेळी आकडा बघा. तू पाच मिळव, तू तीन. मग पुसून उत्तर लिहा." मुलीनं ४५ लिहिले. मुलानं ते पुसून ४३ लिहिले.

"पाच कुठं गेले?"

"यानं खाल्ले, सर!"

हसू ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, "खडू एकच ठेवा की. ज्याच्या हातात खडू, त्यानंच बघायचं अन् लिहायचं."

"हाव, अन् बाकीचे रांगेत," मॅडम म्हणाल्या. "मग चार कोर कशाला घेतले?"

बराच गोंधळ झाला. शेवटी मागच्या बाकावरची मुलगी उठली. "ज्यानं त्यानं आपापल्या वहीत बेरीज करायची. बोर्डवर शेवटी एकदाच मिळवायची."

माझी गुपचूप दुरुस्ती हीच होती. मी ती जुनी, चुकीची ओळ बोर्डवर लिहिली आणि म्हणालो, "ही ओळ माझी. नाव मात्र मॅडमचं खराब झालं." बैठकीत काय बोललो तेही सांगितलं.

 मग मघाचाच मुलगा म्हणाला, "सर, हे नांदेडात सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. परतल्या परतल्या कॉलेजात जाऊन एक तास मागून घेतला आहे. त्या बैठकीला बसलेल्यांपैकी जे अजून आहेत, त्यांनाही बोलावलंय. तिथंही बोर्डवर आधी ४० लिहीन आणि मग ती ओळ.